गळाची सुरमई आणि कॅम्पची पंगत

आम्ही गळाने धरलेले मासे त्याच दिवशी संपतात, त्यांचे किस्से मात्र साठतच चाललेत. आता कुणाला तरी वाढायलाच हवेत!

आम्ही शारजातले चार नोकरदार. रविवारी बोटीतून मासे धरायचे आणि हमरियाजवळच्या एका कामगारांच्या कॅम्पवर द्यायचे. तिथल्या आपल्या माणसांची कंपनी बंद पडली, मेस खलास, आणि घरी जायची तिकिटं कायम 'इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात'! त्यांनी पोटभर जेवावं, पण कुणालाही मिंधं वाटू नये, हा माझा हट्ट.

*

पहिल्याच रविवारी मी जोशात बर्फाच्या दोन पेट्या उतरवल्या. सगळे नुसते बघत राहिले. शेवटी तिथले स्वयंपाकी, गुहागरचे दत्ताराम, हळूच म्हणाले, "ताई, श्रावण आहे."

आमचे वसईचे आल्विन अंकल हसून लोळायचे बाकी होते. "अगं, भूक दिसली, कॅलेंडर नाही दिसलं?"

मासे शेजारच्या बंगाल्यांच्या खोलीत गेले. आम्ही डाळ आणायला पळालो!

*

आमच्या मनोजला मासा लागला की आधी फोटो. एकदा एका हमूर माशाबरोबर त्याचं फोटोसेशन इतकं चाललं की मी ओरडले, "यल्ला, मनोज! तिकडे गॅस पेटवून बसलेत!"

"थांब गं, डावी बाजू चांगली येते."

"तुझी की माशाची?" अंकलनी विचारलं.

*

एकदा वाटेत बर्फ वितळला. माशांना चक्क वास येत होता. तरी कॅम्पवर सगळे म्हणाले, "मस्त आहेत, ताई!"

माझं डोकंच फिरलं. "अहो, खरं बोला ना!"

दत्ताराम खाली बघत म्हणाले, "कुणी आणून देतंय, त्याला नावं कशी ठेवायची?"

मासे मी फेकून दिले. ते वाक्य काही फेकता आलं नाही.

*

अंकलची नात एकदा म्हणाली, "ग्रॅन्डपा, डिड यू आस्क द फिश?"

"विचारलं ना! म्हणाला, कॅम्पवर न्या, फक्त मनोजच्या फोटोत नको!"

*

गेल्या महिन्यात मनोजला आयुष्यातली सगळ्यात मोठी सुरमई लागली. त्याच्या घरी अलिबागहून आलेल्या सासूबाई रोज टोमणे मारत होत्या, "जावई मासे धरतात म्हणे! दिसत तर नाहीत." त्यामुळे "फक्त दाखवून आणतो" म्हणत तो सुरमई घेऊन अल मजाजला, आपल्या घरी पसार झाला.

तासभर वाट बघून मी फोन केला. "अरे, ती माणसं उपाशी बसलीत!"

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "कोण उपाशी?"

थोड्या वेळाने त्या स्वतःच कालवणाचं पातेलं घेऊन कॅम्पवर हजर! मनोज ताट घेऊन पुढे सरकला.

"जावईबापू, आधी वाढा. मग बसा."

पंगत बसली. "मस्त! मस्त!" सुरू झालं. दत्तारामांनी दुसरा घास घेतला आणि थांबले.

"आई, आमसूल कमी पडलंय."

मनोजने डोळेच मिटले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याची ही हिंमत झाली नव्हती!

सासूबाईंनी पदर खोचला. "मग बसून काय सांगतोस? ऊठ, टाक!"