वैशाली वाचते कशी

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत. मधल्या सुट्टीत चहाचा कप तोंडाला लावायचा अवकाश, कोणीतरी नवा घेऊन येतंच. आमच्या दोंडाईचाजवळच्या शाळेत तर धुळ्याचं प्रशिक्षण झाल्यापासून ऊतच आला. प्रत्येक मूल वेगळ्या पद्धतीनं शिकतं, ती पद्धत ओळखा, असं आम्हा शिक्षकांना सांगितलं होतं.

कोकणातून बदलून आलेल्या सावंतबाईंनी लगेच वर्गाला विचारलं, कसं शिकायला आवडतं? मागून अहिराणीत उत्तर आलं, "सुटीमा!" म्हणजे सुट्टीत.

त्याच बाईंनी एकदा विचारलं, आज कोण कोण आलंय? मॉनिटर म्हणाला, "बठ्ठा." म्हणजे सगळे. बाईंनी ऐकलं 'बैठा'. "बसून काय सांगतोस? उभा राहा!" तो उभाच होता.

गणेशला पाढे चालतानाच यायचे. बाईंनी परवानगी दिली. एकोणीसचा पाढा म्हणत स्वारी गेटबाहेर गेली, ती एसटी स्टँडवर सापडली. पाढा मात्र बरोबर होता.

चौथीतल्या वैशालीपुढे आम्ही हरलो. चित्रं झाली, गाणी झाली, अक्षरकार्डं झाली, पोरगी तोंड उघडेना. तिचे वडील हिंमतभाऊ सांगून गेले, पालकसभेत वाचलं नाही तर शाळा बंद, चाळीसगावला आत्याचं बाळ सांभाळायला धाडतो.

सभेच्या आदल्या दिवशी बघते तर ही नळावर धाकट्या बहिणीला पुस्तक वाचून दाखवतेय. घडाघडा, पण सगळं अहिराणीत! वर्गात का नाही वाचत, विचारलं. म्हणाली, "पुस्तकमा 'आहे' लिखेल शे. मना तोंडमा 'शे' येस. पोरे हासतीन."

सभेला केंद्रप्रमुख आले. हिंमतभाऊ दाराशीच बसले, उठून जायच्या तयारीत. मी वैशालीला म्हटलं, बहिणीला वाचतेस तसं वाच. पानावर होतं, 'आई शेतात आहे.'

"माय वावरमा शे."

केंद्रप्रमुख पुस्तकात डोकावले. "हे इथे लिहिलेलंच नाही."

वैशालीनं पुस्तक मिटलं. सावंतबाईंनी माझा हात घट्ट धरला. हिंमतभाऊ उठून पुढे आले. मला वाटलं, संपलं.

त्यांनी पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं.

"पुढलं पान वाच, बेटा. वावरमा माय काय करी राहिनी?"