सूचनाफलकावरचे नातीचे नाव

जानेवारीअखेर: नातीच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा झाली आणि त्याच दिवशी कर्जात वळती झाली. जबाबदार: नांदेड येथील बँकेचे शाखाधिकारी.

मार्च: ‘शिष्यवृत्ती उचलून फी न भरलेले विद्यार्थी’ या मथळ्याखाली तिचे नाव लातूरच्या फार्मसी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागले. जबाबदार: प्राचार्य.

एप्रिल, परीक्षेचा आदला दिवस: तिच्याकडून कबुलीपत्र लिहून घेण्यात आले. जबाबदार: लेखा विभागाचे लिपिक, आणि पुन्हा प्राचार्य.

मी न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालो आहे; कागद हाती असल्याशिवाय आरोप करत नाही. नातीच्या बी. फार्मसीची अर्धी फी शिष्यवृत्तीतून आणि उरलेली कर्जातून भरायची, असे ठरले होते. तिच्या वडिलांना पत्रव्यवहाराचा कंटाळा, म्हणून जामीनदार मी. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि त्याने ती महाविद्यालयात भरायची असते. नातीचे ते खाते कर्ज देणाऱ्या बँकेतच होते.

“काका, मी काहीच केलं नाही,” शाखाधिकारी म्हणाले. “सिस्टीमनं पैसे ओढून घेतले.”

“मग सिस्टीमचा पत्ता द्या. नोटीस तिलाच पाठवतो.”

“व्याज कमी झालं ना तुमचं? फायदाच की.”

परतफेड शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होईल, हे त्यांच्याच करारातील कलम मी वाचून दाखवले. त्यांनी चहा मागवला. चहा नको, लेखी द्या, असे मी म्हटल्यावर लेखी मुख्य कार्यालयच देते, असे उत्तर मिळाले.

अहमदपूरमार्गे बसने लातूर गाठले. लिपिकाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

“आजोबा, पोर्टल ‘जमा’ दाखवायलंय. आमच्याकडं तर आली न्हाई. मंग गेली कुठं? लग्नाबिग्नात उडवली असंल.”

मी बँकेचा खातेउतारा पुढे केला. त्याने तो हातातही घेतला नाही. “ते तुमचं अन् बँकेचं. आम्हाला फी पाहिजे. फी न्हाई तर हॉल तिकीट न्हाई.”

परतताना फलकावर तिचे नाव वाचले. तिच्या दोन मैत्रिणी तेथेच उभ्या होत्या. मला पाहून त्या बोलायच्या थांबल्या.

दोन्हीकडे नोंदणीकृत पत्रे धाडली. पोचपावत्या आल्या, उत्तरे नाहीत. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नातीचा फोन आला. हॉल तिकीट मिळाले होते. त्याबदल्यात लिपिकाने मजकूर सांगितला आणि तिने लिहून दिला: रक्कम घरखर्चास वापरली, चूक झाली, क्षमा असावी.

“खोट्या मजकुराखाली सही केलीस?”

“केली. आजोबा, तुमचं बरोबरच हाय. पण पेपर उद्या हाय. तुमच्या पत्राचं उत्तर कधी येणार, सांगा की.”

मी पोचपावत्यांवरच्या तारखा वाचून दाखवू लागलो.

“फार्माकॉलॉजी वाचायची राहिलीय. ठेवू का?”

ती उत्तीर्ण झाली. त्यानंतर महाविद्यालयाचे उत्तर आले, माझ्या सर्व पत्रांना मिळून एकच. सोबत तिच्या कबुलीची छायाप्रत, आणि खाली ‘सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे’ हे वाक्य. ते वळणदार अक्षर लहानपणी मीच तिच्याकडून गिरवून घेतले होते. आता तेच माझ्याविरुद्धचा पुरावा झाले आहे. बँक त्यावर बोट ठेवून मोकळी होईल आणि चोरीचा डाग मात्र पोरीच्या नावावर राहील. उद्या तिला औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या कोण सोपवणार?

म्हणून मागणी करतो. शिष्यवृत्तीचा एक रुपया तरी आमच्या घरी आला काय, याचे उत्तर प्राचार्यांनी त्याच सूचनाफलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावे. त्याखाली शाखाधिकाऱ्यांनी सही करावी. ज्यांनी तिचे नाव तेथे वाचले, त्यांनाच हे उत्तर वाचता आले पाहिजे. मला ते टपालाने पाठवू नये. मी स्वीकारणार नाही.