टाकीतलं फडकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा आता सांगितलं नाही तर माझ्याबरोबरच जाईल म्हणून. दोन्ही खरं असेल.

केनवडला पिठाची पहिली चक्की आली तेव्हा तिच्या इंजिनावर मी होतो. तेलावर चालणारं इंजिन, आणि गावात त्याची नाडी कळणारा मी एकटाच. लोक मला मिस्त्री म्हणायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं — खरं तर तिथंच सगळं अडलं.

भागाबाई विधवा होती. चक्की येण्याआधी चार घरांचं दळण जात्यावर दळून पोट भरायची. चक्कीनं ते बंद पाडलं. पण बाई खमकी. त्याच घरांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन ती चक्कीवर यायला लागली. त्याबद्दल ओंजळ-दोन ओंजळ पीठ मिळायचं. मला भाऊ म्हणायची.

त्या वर्षी खंडेनवमीला मी इंजिन पुसलं, टाकीही आतून पुसली, झेंडूची माळ घातली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केलं. छान चाललं. रांगेत पहिली भागाबाई. तिनं ज्वारी ओतली आणि इंजिनाचा दम तुटला. दोन आचके — आणि बंद.

पट्टा पाहिला, जागेवर होता. चाक हातानं फिरवलं, मोकळं फिरलं. पाणी होतं, टाकीत तेलही होतं. मग पंपाजवळची नळी सोडली, तर तेल थेंब थेंब. म्हणजे वरच कुठंतरी अडलं होतं. बाहेर बायकांचा गलका वाढत होता. मी टाकीत हात घातला. तळाशी, नळीच्या तोंडावर — फडकं. माझंच. पुसताना आत राहिलेलं.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "सनाच्या दुसऱ्या दिशी पयला दाना या रांडकीचा, मंग काय होईन?"

मालक दारात आले. "काय झालं, मिस्त्री?"

फडकं माझ्या मुठीत होतं, तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. माझी चूक झाली, एवढंच तर म्हणायचं होतं. काय केलं असतं मालकांनी? दोन शिव्या घातल्या असत्या.

"काई समजून नाई राह्यलं, मालक," मी म्हणालो, आणि पाठ वळवून फडकं अंगातल्या बंडीत सारलं.

तिथं थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. मालकांनी नारळ मागवला. तोवर माझी नळी जोडून झाली होती. चाक फिरवायचा अवकाश, इंजिन चालू झालं असतं. तरी मी वाट पाहिली. भागाबाईला टोपली उचलून रस्त्यापलीकडे उभं केलं गेलं. नारळ फुटला. मग मी चाक फिरवलं. इंजिन धडधडलं आणि बायकांनी हात जोडले. मला काय वाटलं? लाज? नाही. सुटलो, असं वाटलं.

त्यानंतर भागाबाईला कुणी चक्कीची पायरी चढू दिली नाही. त्या चार घरांनी टोपल्यांसाठी दुसरी बाई पाहिली. भागाबाईनं पुन्हा जातं मांडलं, पण जात्यावरचं दळण आता कुणाला हवं होतं? दिवाळी झाली तशी ती मंगरूळपीरकडे भावाच्या दारी निघाली. भावजय तिला नीट वागवायची नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

जाण्याआधी ती चक्कीवर आली. भर दुपार, दळणाला कुणी नव्हतं. पायरीपासून लांबच उभी राहिली.

"इंजन चांगलं चालून राह्यलं ना, भाऊ? माह्या पायानं तुले लई तरास झाला. मनात धरू नोको."

तिनंही ते खरं मानलं होतं. आम्ही दोघंच होतो. तेव्हा तरी माझी जीभ कुणी धरली होती?

"जाऊ दे, बाई," मी म्हणालो. "म्या मनात नाई ठेवलं."

तिनं पदरानं डोळे पुसले, हात जोडले आणि चालायला लागली. मी तिला माफ केलं होतं.