हुसेनसाबची भिंत

दोरी ताणलेली होती. एका टोकाला नरसप्पा, दुसऱ्या टोकाला हुसेनसाब आणि मधे ओळंबा हातात घेऊन मी. नरसप्पाचं म्हणणं, दोरी अजून वीतभर तिकडे सरकायला पाहिजे. हुसेनसाबचं म्हणणं, आहे तीच वीतभर जास्त आली आहे.

ही एकोणीसशे तीसच्या आगंमागंची गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात खासगी ओव्हरसियर होतो. लोकांच्या घरांचे प्लॅन काढायचे, ते म्युनिसिपालिटीच्या कचेरीतून पास करून घ्यायचे आणि काम पुरं होईपर्यंत साइटवर लक्ष ठेवायचं, हा माझा धंदा. त्याला लायसन्स लागे. पास झालेल्या प्लॅनवर माझी सही असे, म्हणजे बांधकामात काही बिघडलं तर आधी मला विचारणार.

नरसप्पा विणकर. त्याच्या आजोबांनी तेलंगणातून येऊन इथं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. मराठी चांगलं बोलायचा, पण रागावला की तेलुगूत शिरायचा. घराच्या बाजूला मोकळी पट्टी होती, तिथं त्याला मागांची लांब खोली काढायची होती. त्याचे माग खड्ड्याचे, म्हणजे विणणारा जमिनीत पाय सोडून बसतो. असे चार माग ओळीनं बसवायचे तर लांबी-रुंदी दोन्ही लागते. त्यामुळे खोली अगदी हद्दीला लागून घ्यायची असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

हद्दीपलीकडे हुसेनसाबचं घर. हुसेनसाब टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे. स्टेशनवरच्या निम्म्या टांग्यांचे लगाम आणि पट्टे त्यांच्या हातचे. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. ज्या भिंतीवरून वाद चालला होता, तिलाच आतून पाठ लावून ते दिवसभर शिवत बसायचे, कारण धाब्यातल्या भोकातून उजेड नेमका तिथं पडायचा.

मी भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ आहे की कलली आहे, ते त्यानं कळतं. भिंतीला मधे पोट आलं होतं, चांगलं चार बोटं. खाली ती हुसेनसाबच्या जागेत होती आणि मधे नरसप्पाच्या. म्हणजे दोघांचंही खरं होतं. एक जण खाली बघत होता, दुसरा वर.

"हद्द पायाशी धरायची," मी म्हणालो. "पोट हिशेबात घ्यायचं नाही."

"मग पोट कुठं जाणार, सायेब? माझ्या मागावर?" नरसप्पा म्हणाला.

हुसेनसाब हसले. ते फारसे बोलत नसत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साब, जगा का मेरेकू कुछ नै. लेने दो उसकू. दीवार कू तो कुछ नै होता ना?"

"काही होणार नाही," मी म्हणालो. "मी आहे ना."

त्या शब्दावर त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. शेजाऱ्याची संमती असल्याशिवाय पास झालेल्या प्लॅनवरही हद्दीला लागून काम सुरू करता येत नसे.

दुसऱ्या दिवशी सटवाजी गवंडी आला. सटवाजी माझ्याबरोबर अकरा वर्षं काम करत होता. करकंबकडचा माणूस. दगड नुसता हातात घेऊन तो कुठल्या बाजूनं बसेल ते सांगायचा. आम्ही भिंतीलगत एक लहानसा खड्डा घेऊन बघितला. वर काळी माती, पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेली, दिवाळी होऊन गेली तरी खालून ओली. मुरूम लागला चार फुटांवर. नवा पाया तिथपर्यंत नेणं भाग होतं, कारण काळी माती फुगते आणि आकसते, तिच्यावर भिंत टिकत नाही.

सटवाजी खड्ड्यात उकिडवा बसून जुन्या भिंतीच्या बुडाशी हात फिरवत होता.

"सायेब, हिला पायाच न्हाय की. हातभर खाली गेलीया, बास."

मीही वाकून पाहिलं. जुन्या घरांचं असंच असे. भिंत मातीवर टेकलेली असते आणि आजूबाजूची माती तिला धरून असते. अशा भिंतीशेजारी तिच्या बुडापेक्षा खोल चर खणला की खालची माती चरात सरकते आणि भिंतीचा आधार जातो. उपाय साधा आहे. सगळा चर एकदम खणायचा नाही. चार फूट खणायचं, तेवढ्यात बांधकाम वर आणायचं, ते घट्ट झालं की थोडं सोडून पुढचे चार फूट. शिवाय भिंतीला लाकडी टेकू द्यायचे. काम रेंगाळतं, पण भिंत राहते.

हे मला पक्कं माहीत होतं. खड्ड्यापाशी उभं असताना डोक्यातही होतं. "कसं खणायचं ते संध्याकाळी सांगतो," असं मी सटवाजीला म्हणालो.

तेवढ्यात नरसप्पा आला आणि दोरीचा वाद पुन्हा निघाला. रात्रीतून कुणीतरी खुंटी हलवली, असं तो म्हणू लागला. मी टेप काढून पुन्हा मोजलं. मग हुसेनसाबचा भाऊ आला, त्याच्यासाठी आणखी एकदा मोजलं. गल्लीतली दहा-पंधरा माणसं जमली. तीन बोटांच्या जागेवर आम्ही सगळी दुपार घालवली. चार वाजता मी चुन्याची फक्की मारून रेघ पक्की केली तेव्हा सगळे थकले होते, मीही.

घरून मुलगी पत्र घेऊन आली ती त्याच वेळी. बार्शीच्या एका व्यापाऱ्याला कापसाच्या जिनिंगची मोठी शेड बांधायची होती. उद्याच या, असा निरोप होता. एवढं मोठं काम मला आधी कधी मिळालं नव्हतं. मी प्लॅनची गुंडाळी करत होतो, पण मनानं बार्शीला पोचलो होतो.

सटवाजी शेजारी येऊन उभा राहिला.

"उद्यापास्नं धरू न्हवं, सायेब?"

"धर."

"मानसं बरीच हाईत. सगळा चर एका दमात काढू का?"

"काढ," मी म्हणालो.

एवढंच. माझं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. सकाळच्या गाडीनं मी निघालो आणि कुर्डुवाडीला गाडी बदलताना मला आठवलं की आपलं सटवाजीला काहीतरी सांगायचं राहिलंय. काय ते आठवायलाही वेळ लागला नाही. तार करता आली असती. पण मनात आलं, सटवाजी जाणता आहे, तो बघेल. बार्शीची गाडी समोर उभी होती. मी तिच्यात बसलो.

दोन दिवसांनी सोलापूरला उतरलो. टांगेवाल्यानं माझी पेटी उचलली आणि म्हणाला, "साब, हुसेनचाचा की दीवार गिरी, मालूम है?"

मी घरी न जाता टांगा तिकडेच घ्यायला सांगितला.

भिंत पोटाशी फुटून नरसप्पाच्या चरात पडली होती. तिच्यावर टेकलेली तुळई आत निसटली होती आणि निम्मं धाबं खाली आलं होतं. आदल्या दिवशी गिरणीच्या दुपारच्या भोंग्याच्या सुमारास पडली, असं लोकांनी सांगितलं. हुसेनसाब नेहमीच्या जागी शिवत होते. पाठीमागे माती खसखसल्याचा आवाज आला म्हणून ते पुढे सरकले, त्यामुळे जीव वाचला. पण उजवा हात तुळईखाली सापडला. सटवाजी आणि नरसप्पानं मिळून तुळई उचलली आणि त्यांना बाहेर काढलं. दवाखान्यात तीन बोटं काढावी लागली.

सटवाजी ढिगाऱ्यापाशी दगडावर बसला होता. मला बघून उठला. नरसप्पा एवढंच म्हणाला, "सायेब, मी जागेसाठी भांडलो. त्याचा हात मागितला नव्हता."

आठवड्यानं कचेरीतून चौकशीला एक वयस्कर इंजिनियर आले. शांत माणूस. त्यांनी चर पाहिला, भिंतीचं बूड पाहिलं, मातीचं ढेकूळ चुरडून पाहिलं. मग आम्हा सगळ्यांना नरसप्पाच्या ओसरीवर बोलावलं. कारकून लिहून घेत होता.

"चर एकदम खणला?" त्यांनी मला विचारलं.

"मी गावात नव्हतो, साहेब. पण तसंच दिसतं आहे."

"कसं खणायचं ते सांगितलं होतं का?"

"होय," मी म्हणालो. "चार-चार फुटांच्या तुकड्यांनी खणायला सांगितलं होतं."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. माझी शपथेवर सांगायची तयारी आहे, पण आता त्याला अर्थ नाही. जे सांगायचं मनात होतं, ते सांगितल्यासारखं तोंडातून गेलं. गेल्यावर परत घेता आलं असतं. कारकुनाचा टाक अजून कागदावर टेकला नव्हता. मला लायसन्स दिसत होतं, बार्शीची शेड दिसत होती. मी गप्प बसलो.

साहेबांनी सटवाजीकडे पाहिलं. "खरं आहे का?"

सटवाजीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता बघत होता, नवीन दगड हातात घेतल्यावर बघायचा तसा.

"व्हय," तो म्हणाला. "सायबांनी सांगितलं हुतं. मीच इसरलो."

रिपोर्टमध्ये गवंड्याचा निष्काळजीपणा असं आलं. मला पुढे लक्ष ठेवण्याची ताकीद मिळाली, बस्स. त्या संध्याकाळी मी सटवाजीला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"सटवाजी, तू असं का म्हणालास?"

"मग काय म्हनू?"

"खरं सांगायचंस."

"सायेब, मी न्हाय म्हनलं असतं तर कुनी ऐकलं असतं? कागद तुमचा, सही तुमची. माज्या तोंडाला कोन इचारतंय? तुमी बोललाव तवाच ते खरं झालं."

तोवर माझी अशी समजूत होती की त्यानं माझ्यावरच्या मायेनं पांघरूण घातलं. ती समजूतही त्यानं ठेवली नाही.

हुसेनसाबची भिंत सटवाजीनंच पुन्हा बांधून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. या वेळी मुरमापर्यंत पाया घेतला, ओळंब्यात केसभरही फरक नाही. मी रोज जाऊन उभा राहायचो, पण आमचं बोलणं कामापुरतंच. नरसप्पानं हट्ट सोडला, खोली तीन फूट आत घेतली. त्यामुळे चारच्या जागी तीनच माग बसले.

हुसेनसाबना पुन्हा साज शिवता आला नाही. जाड कातड्यातून दाभण ओढायला बोटं लागतात. डाव्या हातानं त्यांनी वर्षभर खटपट केली, मग सोडून दिली. पुढे नरसप्पानं त्यांना आपल्या खोलीत बसवलं. रहाटावर सूत फिरवून कांड्या भरायच्या, हे काम विणकरांच्या घरात बायका करतात. हुसेनसाब मागांच्या खडखडाटात भिंतीशी बसून ते करायचे. मी गेलो की म्हणायचे, "आओ साब, बैठो." एकदाही मला त्यांनी माझ्या शब्दाची आठवण दिली नाही. मी त्यांना खरं काय ते सांगणार होतो. तीनदा त्यासाठी म्हणून गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

सटवाजीचं मात्र गावात कठीण झालं. गवंड्यांत बातमी लवकर फिरते. पायाचं काम त्याला कुणी देईना. मी माझ्या कामावर बोलावलं, तर म्हणाला, "नगं सायेब. मालक लोक तुमाला इचारतील, ह्यालाच का घेतलाव." ते खरं होतं. एक मालक तसं म्हणालाही होता. वर्षाच्या आत सटवाजी करकंबकडे निघून गेला.

पाच-सहा वर्षांनी एका पुलाच्या कामासाठी मी त्या बाजूला गेलो. चौकशी केली तेव्हा कळलं, सटवाजी विहिरी बांधतो. गावाबाहेर एका मळ्यात तो सापडला. विहिरीत अर्ध्यावर लाकडी परांची बांधून तिच्यावर उभा होता. मला बघून वर आला, हात झटकले, डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं. केस पांढरे झाले होते.

"हुसेनसाबचं कसं हाय?" त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं.

मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

मग मी बोललो. कुर्डुवाडीला मला आठवलं होतं, हेही सांगितलं. ते तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. म्हणालो, "अजूनही कचेरीत जाऊन लिहून देतो. तू सोलापूरला परत चल. माझी कामं तूच बघ."

तो वाकून विहिरीत बघू लागला. खाली बांधलेला थर ओला दिसत होता, सांधे दोरीसारखे सरळ.

"कुर्डुवाडीला आठवलं हुतं," तो हळूच म्हणाला. "म्हंजी तार करायला येळ हुता."

"होता."

"मला वाटायचं, तुमी इसरलाव. इसरतंय मानूस." त्यानं मुंडासं पुन्हा बांधलं. "ऱ्हाऊ द्या, सायेब. हितं बरं चाललंय. हिरीच्या शेजारी कुनाचं घर नसतंय."

तो पुन्हा खाली उतरला. मी थोडा वेळ काठावर थांबलो, मग निघालो.

कचेरीत मी कधी गेलो नाही. आधी सटवाजी नको म्हणाला हे कारण होतं, नंतर कारणाची गरजही उरली नाही. आता सटवाजी आणि हुसेनसाब दोघंही नाहीत. पुढच्या सगळ्या कामांत मी खणण्याची पद्धत कागदावर लिहून, गवंड्याला वाचून दाखवून, त्याचा अंगठा घेऊनच साइट सोडली. नव्या ओव्हरसियरांनाही मी हेच शिकवलं, की सूचना तोंडी देऊ नका, लेखी द्या, पुढे सगळ्यांनाच सोयीचं जातं. ते मान डोलवत. हे मी कशावरून शिकलो, असं एकानंही विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.