गोलामागची माती

आमच्या फुटबॉल क्लबचं मैदान म्हणजे आधी विटांच्या भट्टीचा खड्डा. माती संपल्यावर गावानं त्यात कचरा टाकून तो बुजवला, वर गवत लावलं. हे मला आधीच्या माळ्यानं सांगितलं, त्याला त्याच्या बापानं. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून माझा इतिहास असा ऐकलेलाच.

इल्फर्डच्या घरून रोज बसनं येऊन सत्तावीस वर्षं मी विलायतेतलं हे गवत कापलं, पांढऱ्या रेषा मारल्या. बायको पत्र्याच्या टपरीत चहा विकायची, आलं घालून. गोरे विचारायचे, "हा चहा आहे की औषध?" ती म्हणायची, "हरलात तर औषध." तेवढं इंग्रजी तिला यायचं.

क्लबचा जुना माणूस गेला की त्याची राख गोलामागं पुरायची, ही इथली रीत. खड्डा मी खणायचो. दगड नाही, पाटी नाही. वर गवत लावलं की जागा फक्त मला ठाऊक. चेअरमनचा बापही तिथंच आहे.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगा नाशिकला अस्थी न्यायच्या म्हणत होता. पण हॉस्पिटलात ती मला बोलली होती, "अहो, नाशिकला आता माझं कोण आहे? गोलामागं ठेवा. शनिवारी आवाज तरी येईल." अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून आठ दिवस गवत कापायच्या मशीनच्या शेडमध्ये खुंटीला टांगल्या. मीही तिथंच जेवलो.

पुरताना चेअरमन काळा टाय लावून आला. मी सरळ विचारलं, "मैदान विकणार नाहीस ना?" त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "माझा बाप इथं आहे, मेट. कसं विकेन?" मेट म्हणजे दोस्त.

तेव्हा बिल्डरशी त्याचं सगळं ठरलेलं होतं. मला यंदा पेपरातून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फावडं घेऊन गेलो आणि तिची माती बिस्किटाच्या डब्यात भरली. शेडही पाडणार होते, म्हणून डबा घरात आणावा लागला. तिनं आयुष्यभर पाळलेलं मी मोडलं. हे त्याला माफ नाही.

गेल्या आठवड्यात चेअरमन माझ्या दारात आला.

"मेट, वडिलांची जागा दाखव. सोमवारी खोदायचं मशीन येतंय. आई रडते आहे."

"मुलगा तू. तुला माहीत नाही?"

"त्या दिवशी पाऊस होता. मी लक्ष दिलं नाही."

"चल," म्हटलं.

गोलामागं, पण पार कोपऱ्याच्या झेंड्याजवळ बोट दाखवलं. चकचकीत बूट घालून तो खणायला लागला. विटांचे तुकडे निघाले, बाटल्यांची बुडं, बाबागाडीचं चाक. मग दुसरीकडे दाखवलं, मग तिसरीकडे. मी बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होतो. त्यात आलं होतं.

तिसऱ्या खड्ड्यात फावडं टाकून तो म्हणाला, "तुला माहीत आहे. सांगत नाहीस."

"हो."

त्याचा बाप गोलाच्या उजव्या खांबापासून सहा पावलांवर, माझी बायको होती त्या जागेशेजारी. चांगला माणूस होता, दर मॅचला तिच्याकडून दोन कप घ्यायचा. त्याच्याशी माझं वैर नाही. तरी मी सांगितलं नाही.

सोमवारी मशीन आलं. मी कुंपणाबाहेर उभा होतो, चेअरमनही होता. मशीन गोलामागं पोचलं तेव्हा तो कुठं बघावं ते न कळून सगळीकडे बघत होता. मी फक्त त्याच्याकडे बघत होतो.