गच्चीवरची खाजणमाती

दार उघडायच्या आधीच शेजारच्या काकींचं बोट ओठांवर गेलेलं असायचं. “हलू बोल गो बाय, पोरगा निजलाय.” तेही भर दुपारी! काकींच्या धाकाने मी कुकरची शिट्टीसुद्धा काढून ठेवायचे, असं सांगितलं तर तुम्हांला हसू येईल. मलाही यायचं.

मुलगा धाटावच्या कंपनीत, कायम रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायचा. पण रोह्यातल्या आमच्या इमारतीत आमची दोन्ही घरं सगळ्यांत वरची, डोक्यावर उघडा स्लॅब. चैत्रात गादीसुद्धा भाजायची, झोप कसली लागतेय! एकदा घरी येताना मोटारसायकलवरच त्याचा डोळा लागला आणि तो गटारात गेला. गुडघ्यावर निभावलं. पण तेव्हापासून काकींना त्याच्या झोपेशिवाय दुसरं काही सुचेना.

काकी पेणच्या खारेपाटातल्या. खाडीचं पाणी अडवायला चिखलाचे बांध घालण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी भावाच्या टेम्पोतून माती आणवली. गच्चीवर तळाला खाडीकाठच्या खाजणाची चिकण माती थापली, तिचाच बांध घातला, वर शेतातली माती टाकून हरळी आणि वाल लावला. गच्ची गळेल म्हणून सगळे कुरकुरले, तर म्हणाल्या, “खाजणाची माती थेंब सोडत नाय.”

आणि नाहीच सोडला! ऊन वरच्या वर हिरवळ झेलायची, पोराची खोली गार. शेजारधर्माने माझीही. पौषातल्या पहाटेसुद्धा खोली पूर्वीसारखी गारठेना. पोरगा चक्क घोरायला लागला. ते घोरणं ऐकवायला काकींनी मला हाताला धरून नेलं होतं.

दोन पावसाळे गेले आणि छताचा एक पोपडा पोराच्या उशीशेजारी पडला. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या. बांधाला जी माती सोन्यासारखी, तिच्यातलंच मीठ ओलीबरोबर स्लॅबमध्ये उतरलं होतं. माती काढली, स्लॅब दुरुस्त केला. काकींना कोणी एका शब्दाने बोललं नाही. त्याच मला म्हणाल्या, “जन्म मिठात गेला गो, आन् मलाच कललं नाय.”

पुढच्या उन्हाळ्यात त्या गच्चीवर गोणपाटं अंथरून दुपारभर पाणी मारायला लागल्या. मी चिडायचे. म्हटलं, काकी, या वयात उन्हात मरायचंय का? त्यांनी आपलं ओठांवर बोट ठेवलं.

वैशाखातल्या एका दुपारी त्या खाली आल्याच नाहीत. मी वर गेले. अर्धी गोणपाटं ओली होती, बादली लवंडलेली, आणि काकी तिथेच पडलेल्या. बरोबर खाली पोरगा झोपला होता. त्याला मीच उठवलं.

संध्याकाळी गावाकडच्या बायका आल्या. जिन्यातूनच त्यांनी हंबरडा फोडला, आणि माझं बोट आपोआप ओठांवर गेलं.

आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या पोराने ते पाहिलं.

“रडू द्या बाई त्यांना,” तो म्हणाला. “मी जागाच हाय.”