लिपायची राहिलेली भिंत

ओल्या शेणमातीचा वास आला की कुरखेड्याकडचं ते घर आठवतं. घरांच्या धोरणावरच्या आमच्या अभ्यासाचे सल्लागार, शहरातले वयस्क प्राध्यापक, सोबत होते. त्या घरातली म्हातारी बाई भिंत लिपत होती, पण चुलीजवळचा एक पट्टा तिनं तसाच सोडला होता. सरांनी विचारलं, "पक्क्या घरात काय काय पाहिजे, बाई?" पट्ट्यावर उमटलेल्या बोटांकडे पाहत ती म्हणाली, "हे माह्या पोरानं लिपलं होतं. शहरात बिल्डिंगी बांधाले गेला अन् तिथीच पडून मेला. हे भिंत नव्या घरात नेता येते का, भाऊ?" आमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारे सर चपला काढून भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. आता नवी पोरं माझ्याकडे सल्ला मागायला येतात, पण त्या म्हातारीला तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.